‘धरलं’ म्हणालो होतो

“हातांना मुंग्या पहिल्यांदा कधी आल्या?” एमआरआयची फिल्म उजेडासमोर धरून डॉक्टरांनी विचारलं. शेजारी बायको बसली होती. “सहा महिने झाले असतील,” मी म्हणालो. सपशेल खोटं.

आजाराचं नाव सर्व्हायकल मायलोपथी. म्हणजे मानेच्या मणक्यांमधली जागा अरुंद होते आणि आतल्या मज्जारज्जूवर दाब येतो. बोटं बधिर होतात, पकड जाते. मला शर्टाचं बटण लागेना, तेव्हा बायकोनं ओढत दवाखान्यात नेलं. तोवर मी स्केटिंगच्या रिंकवर पोरांना शिकवतच होतो. वर ऐटीत सांगायचो, “काय नाय, जरा हात अवघडलाय.”

डॉक्टरांनी फिल्म खाली ठेवली. “हे सहा महिन्यांचं दिसत नाही. आठवून सांगा.”

आठवायचं काय त्यात! एकोणीस वर्षं झाली. मी आणि नसरीन जोडीनं रोलर स्केटिंग करायचो. आमचा एक शब्द ठरलेला होता. उचलायच्या आधी मी तिची कंबर नीट पकडून ‘धरलं’ म्हणायचो, मगच ती उडी घ्यायची. राज्य स्पर्धेच्या सकाळी माझी बोटं बधिर होती. सांगितलं असतं तर नाव मागं घ्यावं लागलं असतं. नाय सांगितलं. ‘धरलं’ म्हणालो, आणि ती माझ्या हातांतून निसटून सिमेंटवर आदळली. गुडघा गेला. तिचं स्केटिंग तिथंच संपलं.

लोकांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, “शब्दाच्या आधीच उडी घेतली तिनं.” पुढं मी कोच झालो. नव्या जोड्यांना शिकवताना घाईचं उदाहरण म्हणून तिचंच नाव घ्यायचो. लाज कशी वाटली नाय मला, देव जाणे.

डॉक्टरांना सगळं खरं सांगितलं. बायकोनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाय. बाहेर बाकावर बसल्यावर एवढंच म्हणाली, “नसरीनला सांगितलं का?”

ऑपरेशन गळ्याच्या पुढून होणार होतं. “काही दिवस आवाज बसेल. आणि उशीर झालाय, सगळी पकड परत येईलच असं नाही,” डॉक्टर म्हणाले. मधे चार दिवस होते. रोज नसरीनचा नंबर काढायचो आणि फोन ठेवून द्यायचो.

ऑपरेशनच्या तिसऱ्या दिवशी तीच आली, खुलताबादहून बसनं. बायकोनं बोलावलं होतं. दारापासून खाटेपर्यंत लंगडत आली. बसलेल्या आवाजात मी म्हणालो, “त्या दिवशी माझे हात बधिर होते. मी खोटं बोललो.”

“मालूम है रे, दत्ता. ‘धरलं’ ऐकूनच उडी घेतली होती मी.”

“मग बोलली का नाहीस?”

“बोलले की! तुझ्यापुढं माझं कोण ऐकतंय? मग म्हटलं, तू सांगशील. लई वाट बघायला लावलीस.”

मान खाली घालावीशी वाटली, पण गळ्यात कॉलर. तेवढीही सोय नव्हती.

हे वाचणाऱ्याला हात जोडून सांगतो, मुंग्या आल्या तर त्याच दिवशी सांगा. माझ्यासारखं लपवू नका. चूक नसरीनची नव्हती, हे रिंकवरच्या पोरांना मला अजून सांगायचंय.

व्यायामाला दिलेला स्पंजचा चेंडू नसरीननं काढून घेतला आणि माझ्या हातात आपला हात दिला. “दाब.”

होता नव्हता तेवढा जोर लावला. बोटं घसरली.

“नाय धरलं,” मी म्हणालो.

तिनं हात काढला नाय. “चल, परत.”