बाटग्याचा झेंडू

कापसाला सोन्याचा भाव आला, त्या साली आमच्या गावच्या पुजाऱ्याने देवाची फुलबागसुद्धा मोडायला लावली. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या त्या बागेचे माळी. मोगरा मी माझ्या हातांनी उपटला आणि तिथे कपाशी पेरली. देव कोपेल या धास्तीने आठ दिवस धड जेवलो नाही. देव काही कोपला नाही. कपाशी मात्र कमरेएवढी झाली. ज्याला स्वतःची बाग राखता येत नाही, तो मला काय राखणार? मी अमरावतीला पादरीसाहेबांकडे गेलो आणि बाप्तिस्मा घेऊन आलो. गावाने मला बाटगा ठरवलं, विहीर बंद केली.

पुढच्या दसऱ्याला सगळ्या शिवारात कपाशीच कपाशी होती. झेंडू होता तो फक्त माझ्या वाफ्यात. पुजारी स्वतः टोपली घेऊन आला.

"बाटग्याची फुलं देवाले कशी चालून राहिली, महाराज?" मी विचारलं.

"झाडं कुठं बाटली रे," तो म्हणाला. "पाणी शिंपडलं का झालं."

असा तो देव आणि असा त्याचा पुजारी. दगडाच्या गळ्यात घाल नाहीतर गाढवाच्या, मला काय त्याचं, असं म्हणत मी फुलं तोडून टोपलीत टाकत गेलो.

टोपली उचलून तो गेला, तेव्हा माझ्या पायाशी एक लहानसा ढीग उरला होता. सगळी किडकी, चुरगळलेली फुलं. माझ्या हातांनी ती आपसूक बाजूला काढली होती, देवाला जाऊ नयेत म्हणून.