बाबांचा पासवर्ड

शाळेतून निवृत्त झाल्यावर बाबांनी सगळ्यात आधी घरी कॉम्प्युटर आणला आणि टेलिफोनच्या वायरीवर इंटरनेट घेतलं. मेहकरातल्या आमच्या गल्लीत तोवर कोणाकडेच ते नव्हतं. बीटी कपाशीचे दिवस होते. दर हंगामाला बियाण्याचं नवं पाकीट यायचं, आणि खरं कोणतं, बोगस कोणतं, हा घोर शेतकऱ्यांच्या जिवाला लागायचा. जानेफळकडचे बाबांचे जुने विद्यार्थी बाजाराला आले की आमच्याकडे डोकावत. बाबा त्यांना भाव, हवामान, फवारणीची माहिती काढून देत. बाबा आत गेले की लोक स्वतःच खुर्चीवर बसून माउस फिरवत.

त्या पावसाळ्यात बाबांची एक जुनी विद्यार्थिनी आली. नवरा वारल्यापासून बाई शेत एकटीच सांभाळायची. तिचं आणि शेजारच्या सात-आठ जणांचं बियाणं उगवलंच नव्हतं. बाबा कॅमेरा घेऊन गेले, शेतांचे आणि पाकिटांचे फोटो काढले, घरी येऊन अर्ज टाइप केला. सोमवारी तो कृषी कार्यालयाला ई-मेलनं पाठवायचा होता.

रविवारी सकाळी स्क्रीनवर लाल चौकट आली. तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस सापडलेत, साफ करायचे असतील तर इथे दाबा, असं इंग्रजीत लिहिलेलं. बाबांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं आणि दाबलं. मग एकामागून एक खिडक्या उघडू लागल्या. फोटोंचा फोल्डर उघडेना.

बाबांनी तो पुन्हा पुन्हा दाबून पाहिला. अर्ज पुन्हा लिहिता आला असता. फोटोंचं तसं नव्हतं, कॅमेऱ्यातले बाबांनी पुसून टाकले होते. त्या बाईनं आपलं शेत तसंच ठेवलं होतं, पण बाकीच्यांनी दुबार पेरणीसाठी वखर फिरवला होता.

मी धावत आपाकडे गेले. आपा म्हणजे मागच्या गल्लीतल्या शिंपीचाचांची मोठी मुलगी. ती कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. आल्या आल्या तिनं इंटरनेटची वायर काढली.

"गुरुजी, ही सूचना खोटी होती. साफ करायच्या नावानं तुम्हीच त्याले आत घेतलं."

"पन लिहिलं तर होतं व्यवस्थित," बाबा म्हणाले.

"बोगस पाकिटावरबी व्यवस्थितच लिहेल असते ना?"

बाबा पहिल्यांदा हसले.

आपानं क्लासमधून आणलेल्या सीडीवरून कॉम्प्युटर सुरू केला. दुपारपर्यंत अर्ज आणि एकेक फोटो दुसऱ्या सीडीवर उतरवला. सगळे सापडले. मग तिनं सगळं पुसून नव्यानं भरलं. आईनं तिला तिथंच ताट वाढून दिलं. ती एका हातानं जेवत होती, दुसऱ्या हातानं माउस चालवत होती.

"आता पासवर्ड टाका," ती म्हणाली.

बाबांना ते पटेना. "लोकं भरवशानं येतात माह्या घरी. त्याइले कुलूप दाखवू का?"

आपानं थोडा विचार केला आणि लोकांसाठी वेगळं खातं उघडलं. त्यात पाहता सगळं यायचं, पण नवीन काही घालता यायचं नाही आणि बाबांच्या फायलींना हात लागायचा नाही. त्याला तिनं नाव दिलं, बैठक. बाबा खूश झाले. मग त्यांनी स्वतःच्या खात्याचा पासवर्ड टाकला, आणि सकाळी उठेपर्यंत विसरले.

स्वयंपाकघरातून आईनं तो पूर्ण सांगितला.

"तुले कसा मालूम?"

"काऊन मालूम नसन? टाकताना एकेक अक्षर मोठ्यानं म्हनत होते तुम्ही. शेजारच्याइलेबी पाठ झाला असन."

बाबांनी ओठ घट्ट मिटून दुसरा पासवर्ड टाकला आणि सगळ्यात आधी तो अर्ज पाठवला. चार दिवसांनी अधिकारी आले. त्यांनी बाईच्या शेताचा पंचनामा केला आणि बाकीच्यांचे फोटो ग्राह्य धरले. दुकानदारानं सगळ्यांना दुसरं बियाणं दिलं. पेरणीला उशीर झाला होता, पीक मध्यमच आलं. तरी दिवाळीनंतर बाई शेतातल्या तुरीच्या शेंगा घेऊन आली आणि आपालाही वाटा द्या म्हणाली.

शेंगा पोचवायला बाबा स्वतः गेले आणि तिथंच आपाला म्हणाले, "माह्यासारख्या म्हाताऱ्याइचा एक वर्ग घे." तिनं रविवारी सकाळी तो सुरू केला. अनोळखी मेल उघडायचा नाही, पेन ड्राइव्ह आधी तपासायचा, फोनवर कोणी कितीही गोड बोललं तरी पासवर्ड सांगायचा नाही. बाबा पहिल्या बाकावर वही घेऊन बसत आणि इतके प्रश्न विचारत, की तिसऱ्या रविवारी आपानं त्यांना सांगितलं, "गुरुजी, आता तुम्हीच शिकवा, मी बसतो बाकावर."

बाबा खरंच उठले आणि त्यांनी खडू हातात घेतला.