मिशी आणि श्वास

नानांची मोटारसायकल धरणगावच्या रस्त्यावरच्या वळणावर सरळ शेतात गेली, तेव्हा सकाळचे ऊन नुकते वर आले होते. धुळ्याला माझ्या ऑफिसच्या फोनवर चुलतभावाने एवढेच सांगितले, की ब्रेकची खूण कुठेही नाही. गावात सगळे म्हणाले, हार्ट अटॅक. मी म्हणतो, नानांना झोप लागली. आणि ती झोप कोणामुळे लागली, हेही मला ठाऊक आहे. माझे वडील, ज्यांना आम्ही भाऊ म्हणतो, वर्तमानपत्राची ही पुरवणी दर रविवारी वाचतात. त्यांनी वाचावे म्हणूनच हे लिहितो आहे.

नाना म्हणजे भाऊंचे थोरले बंधू. त्यांना मूलबाळ नव्हते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला मी, आणि त्या पायरीपर्यंत मला नानांनी पोचवले. भाऊंचे मत होते, दहावी झाली, आता कपाशीकडे बघावे. नानांनी वाद घातला नाही. गादीची वळकटी मोटारसायकलला बांधली, मला मागे बसवले आणि धुळ्याच्या वसतिगृहात आणून सोडले. वाटेत दोनदा गाडी थांबवून त्यांनी तोंडावर पाणी मारले. मला तेव्हा उन्हाचा त्रास वाटला. नाना कुठेही झोपत... लग्नाच्या पंगतीत, पाटावर बसल्या बसल्या, घास हातात घेऊन. त्यांचे घोरणे तिसऱ्या गल्लीत ऐकू येई. गाव हसे, आणि सगळ्यांत मोठ्याने हसत ते भाऊ.

शेवटी काकूंनी सांगितले, की घोरता घोरता यांचा श्वासच थांबतो, मग दचकून सुरू होतो. मी नानांना जळगावच्या डॉक्टरांकडे नेले, तिथून मुंबईला. एकोणीसशे शहाण्णव-सत्त्याण्णवची गोष्ट. आमच्याकडे त्या आजाराचे नावही कोणी ऐकले नव्हते. तपासणी झाली आणि एक यंत्र मिळाले. झोपताना नाकावर मुखवटा बांधायचा, त्याच्या सोंडेसारख्या नळीतून हवेचा दाब येत राहतो आणि घसा मिटत नाही.

सवय होता होईना. पहिल्या रात्री नानांनी मुखवटा उपटून फेकला. विहिरीत ढकलल्यासारखे वाटले म्हणाले. डॉक्टरांच्या सांगण्यावरून ते दुपारी खाटेवर बसून, जागेपणी, रेडिओ ऐकत मुखवटा लावू लागले. काकू हसून म्हणायच्या, "आमना गणपती बसना." तोंड कोरडे पडे, पट्ट्यांचे वळ गालावर उमटत. तेही नानांनी सोसले. पण त्यांची मिशी भरघोस होती. मुखवटा वरच्या ओठावर नीट बसेना, फटीतून हवा डोळ्यांत जाई, सकाळी डोळे लाल होत. यंत्र देणाऱ्या मुंबईच्या माणसाने फोनवर सांगितले, मिशी काढा.

आमच्याकडे मिशी काढतात ती बाप गेल्यावर, नाहीतर भाऊबंदांत कोणी मोठे गेले तर दहाव्याला. आणि आमचे आजोबा, आबा, ओसरीवर खाटेवर होते. थकलेले, पण हयात. नानांनी तरीही काढली आणि आधी आबांसमोर जाऊन बसले. आबांनी त्यांच्या ओठावरून बोट फिरवले.

"मी मरी गऊ का रे?"

"ना आबा. दम लेवासाठे काढी."

"मंग ले ना दम," आबा म्हणाले.

त्या रात्री नाना पहिल्यांदा सलग झोपले. सकाळी त्यांनी वर्तमानपत्र शेवटच्या पानापर्यंत वाचले. एस.टी. स्टँडवर कोणीतरी विचारले, "नाना, घरमा कोन गया?" नाना म्हणाले, "मन्हं घोरनं मरी गये!" इतका तरतरीत माणूस गावाने पाहिलाच नव्हता.

आबांना जे खुपले नाही, ते भाऊंना खुपले. भाऊबंदांना बसवून, त्यांच्यादेखत ते नानांना म्हणाले, "बाप जित्ता शे, आन तू मिशी काढी टाकी? लोके काय म्हनतीन?" माझ्या बहिणीची सोयरीक ठरत होती. पाहुणे सुतक आहे का विचारतील, असे सांगून भाऊंनी नानांना बैठकीला येऊ दिले नाही. ज्या माणसाने त्या पोरीला खांद्यावर खेळवले, तो माणूस त्या दिवशी घरी बसला. नाना भांडले नाहीत. त्यांनी मिशी वाढवली. हवा पुन्हा डोळ्यांत जाऊ लागली. यंत्र आधी कोपऱ्यात गेले, मग माळ्यावर. काकू विनवत राहिल्या, मी धुळ्याहून येऊन विनवत राहिलो... नाना नुसते भाऊंच्या घराकडे बघत.

अग्नी मी दिला. दहाव्याला नदीवर माझे आणि भाऊबंदांचे मुंडन झाल्यावर भाऊ न्हाव्यापुढे बसले. त्याने पाणी लावले, वस्तरा उचलला. मी त्याचा हात धरला. म्हटले, "भाऊंची राहू द्या."

"मना मोठा भाऊ गया रे," भाऊ म्हणाले.

"आबा जित्ता शेतस. बाप जित्ता असताना मिशी काढतस का?"

सगळे भाऊबंद ऐकत होते. ओली मिशी तशीच घेऊन भाऊ उठले. सगळ्या पुरुषांत तेवढे एकच तोंड मिशीचे होते, आणि तसेच ते गावातून घरी गेले. मला बरे वाटले. अजूनही वाटते.

इतरांच्या मिशा आता पुन्हा आल्या. मी माझी येऊ दिली नाही. दर रविवारी गावी जातो आणि भाऊंच्या बरोबर समोर जेवायला बसतो. ते ताटातून मान वर करत नाहीत. मागच्या रविवारी मी निघताना आई दारापर्यंत आली आणि खाली बघत म्हणाली, "भाऊ म्हणतात, त्याला सांग, मी अजून जित्ता शे."

"मला माहीत आहे," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुळ्यात आरशासमोर उभा राहिलो, वरच्या ओठाला साबण लावला आणि नाकाने एक लांब श्वास घेतला.