रेडिएशनवाल्यांची माडी

मालतीच्या आजारपणाबद्दल कुणी विचारलं की मी आधी गंभीर चेहरा करतो आणि दुसऱ्याच वाक्याला मला हसू फुटतं. मग वाटतं, हे बरं दिसतं का? घशाचा कॅन्सर हा काय हसायचा विषय आहे? पण माझा इलाज नाही. तीन-चार पेशंट आणि त्यांची माणसं एका माडीवर राहतात, रोज एकाच गाडीने जातात, एकाच बाकावर नंबरची वाट बघतात, तिथे किस्से साठणारच. लग्नघराच्या दारात चपला साठाव्यात तसे. कुठला कुणाचा, तेही पुढे पुढे कळत नाही.

मी शिरूरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालो. मालती, माझी बायको, प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. तिने वर्गात 'गप्प!' म्हटलं की बाहेर रस्त्यावरचा भाजीवालासुद्धा ओरडायचा थांबे. नेमकी त्याच आवाजाच्या जागी गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, "रेडिएशनने गाठ जाईल अशी आशा आहे. आवाजाचं मात्र आज काही सांगता येणार नाही." रोज पुण्याला जायचं, मध्ये खंड पडू द्यायचा नाही. शिरूरहून रोजचा प्रवास तिला झेपला नसता. जागा शोधणं आलं.

*

पुण्यात हॉस्पिटलजवळ एक खोली मिळत होती. मालकीणबाई भल्या दिसत होत्या. पण मी ऐकून होतो की आजाराचं नाव काढलं की लोक दार लावून घेतात. लपवणं मला जमत नाही. म्हणून मी रात्रभर तयारी करून गेलो.

कॅन्सर संसर्गजन्य नसतो, इथपासून मी सुरुवात केली. पेशी म्हणजे काय ते सांगितलं. रेडिएशन घेतलेला माणूस घरात आल्याने भिंतींना काही होत नाही, हे सांगितलं. त्यांच्या चेहऱ्यावर शंका दिसली असं वाटून पुन्हा पेशींपासून सांगितलं. चहा गार झाला.

शेवटी बाई म्हणाल्या, "अहो, माझ्या आईला हाच आजार होता. मला सगळं माहीत आहे. त्याचं काही नाही."

"मग खोली..."

"खोली नाही देता येणार. तुम्ही फार बोलता हो!"

*

हॉस्पिटलच्या बाकावर मी डोकं धरून बसलो होतो. शेजारी कवठे येमाईच्या हिराबाई बसल्या होत्या. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन त्यांचं रेडिएशन चालू होतं. त्यांनी आमची सगळी चर्चा ऐकली होती. मालतीचा आवाज तेव्हा पार बसला होता, म्हणजे चर्चा मी एकटाच करत होतो.

"मास्तर, पुण्यात कशाला डोकं फोडताय? दौंडला चला आमच्यासंगं."

"दौंड? तिथून रोज?"

"रेल्वेनं. आडवं पडून यायचं, आडवं पडून जायचं. आन् यष्टीत संडास आस्तो का? रेल्वेत हाय!"

एवढ्या नेमक्या मुद्द्यावर मी पिशवी उचलली.

दौंडला रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले गायकवाड आप्पा राहतात. खाली ते आणि त्यांच्या पत्नी माई, वर माडीवर तीन खोल्या. त्यांचा धाकटा भाऊ याच आजाराने गेला. त्याच्या उपचाराच्या वेळी दोघा भावांनी पुण्यात फलाटावर झोपून दिवस काढले होते. तेव्हापासून ती माडी पेशंटांची.

मी दारात पोचता पोचता उत्तरं तयार ठेवली होती. आजार कुठला, टप्पा कुठला, कागद कुठे आहेत. दिवाणखान्यात बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांची मोठी तसबीर. तसबिरीखाली आप्पा खुर्चीत ताठ बसलेले. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"घोरता का?"

मी मालतीकडे पाहिलं. बोलता येत नव्हतं म्हणून तिने टाळ्यांची भाषा काढली होती. एक टाळी म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. तिने एक टाळी वाजवली. जरा जोरातच.

"मग जिन्याजवळची खोली," आप्पा म्हणाले. "तिथं आवाज खाली जातो. खाली मी घोरतो!"

*

घशाच्या पेशंटचा चेहरा हलू नये म्हणून त्याच्या मापाचा जाळीचा मास्क करतात. माणूस वाळला की मास्क सैल होतो, मग तो नवा करा, नवा प्लॅन करा, उपचाराला खंड. मालतीला गिळवत नव्हतं. रोज सकाळी मी तिच्या गालांकडे असं बघायचो की ती उशी तोंडावर घ्यायची.

आहाराच्या बाईंनी सांगितलं, अंडी द्या, दुधात मऊ करून द्या. हे हिराबाईंनी ऐकलं. रविवारी त्या गावी जाऊन आल्या त्या काखेत पिशवी घेऊन. पिशवीतून आवाज येत होता.

"हिराबाई, हे काय?"

"कोंबडी."

"अहो, अंडी आणायची!"

"वाटंत अंडी फुटत्यात मास्तर. कोंबडी फुटत न्हाई!"

आप्पांनी कोंबडीकडे बराच वेळ बघितलं. मला वाटलं, आता माडी सोडावी लागणार.

"ही घोरती का?" त्यांनी विचारलं, आणि गच्चीवरची जागा दाखवली.

*

मधल्या खोलीत मांडवगण फराट्याचे बाळासाहेब होते. माजी सरपंच, भरपूर ऊस, आणि तंबाखूने झालेला तोंडाचा कॅन्सर. पहिले काही दिवस त्यांचा डबा रोज गावाहून दुधाच्या टेम्पोतून यायचा. पाण्याचा जारसुद्धा यायचा. माईंनी चहा पुढे केला की ते म्हणायचे, "मी च्या सोडलाय." आणि स्टेशनवर दोन कप प्यायचे. का ते सगळ्यांना कळत होतं. माई कप परत घेऊन जायच्या. मी मनातल्या मनात एक व्याख्यान तयार करत होतो.

मग सरपंचांचं तोंड आतून सोलून निघालं. गावचा डबा जिभेला लावता येईना. तेव्हा माईंनी मालतीसाठी केलेली नाचणीची पेज एका वाटीत घालून त्यांच्यासमोर ठेवली आणि त्या निघून गेल्या. सरपंच वाटीकडे बघत राहिले. आम्ही सगळे भिंतीकडे बघत राहिलो. वाटी रिकामी झाली. ती घेऊन ते स्वतः खाली गेले आणि म्हणाले, "माई, आजून हाय का?"

आप्पा पेपरमागून म्हणाले, "सरपंच, गावात कळलं तर?"

"कळू द्या की! पर मंग तुमच्या खोल्या पुरायच्या न्हाईत. माईंच्या हातची पेज म्हनल्यावर समदं गाव ऱ्हायला यील!"

दुसऱ्या दिवसापासून टेम्पोतून डबा बंद झाला. नाचणी यायला लागली. माझं व्याख्यान तसंच राहिलं.

*

गावाकडे आजाऱ्याला भेटायला जाणं हे कर्तव्य असतं. त्यात तो माजी सरपंच. पिकअप भरभरून माणसं यायची. प्रत्येकाच्या हातात बिस्किटाचा पुडा, आणि प्रत्येकाच्या तोंडात एक गोष्ट: "आमच्या मेव्हण्याला अस्संच झालं हुतं. लई हाल झालं वो. गेला बिचारा." दुसरा त्यावर आपला चुलता काढायचा. एवढं ऐकून मालती दोन दिवस जेवली नाही.

आप्पा भडकले. त्यांनी जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकली आणि नियम केला.

"वर जायचं? ह्या आजारातून बरा झालेला एक माणूस सांगा. नाव, गाव. त्याचीच गोष्ट वर करायची. न्हाई सांगता येत? मग बिस्कीट इथं ठेवा, गाडी तिकडं हाय."

पहिल्या दिवशी अर्धा पिकअप खालीच राहिला. पण गावाकडची माणसं हार मानत नाहीत. पुढच्या रविवारी लोक आठवून आठवून आले. कुणाची आत्या, कुणाचे मुकादम, कुणाचा कासुर्डीचा व्याही. आणि एका गड्याने तर धोतरातल्या एका म्हाताऱ्याला हाताला धरून जिन्यापाशी उभं केलं.

"आप्पा, बगा. मला नीट सांगता येत न्हाई, म्हून जित्ता आनलाय!"

म्हातारा वर आला. त्याने मालतीसमोर तोंड उघडून दाखवलं आणि पाच बिस्किटं खाऊन दाखवली. मालतीने एक टाळी वाजवली. त्या दिवशी तिने पेज संपवली.

*

उपचार संपला. मास्क शेवटपर्यंत एकच पुरला. माझ्या मते कोंबडीमुळे, हिराबाईंच्या मते रेल्वेमुळे.

शेवटच्या दिवशी मास्क घरी देतात. आमचा मी वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवला. टाकवेना आणि बघवेना. सरपंचांनी आपला शेतात नेला. काठीवर लावला, खाली जुना सदरा, वर टोपी. तेव्हापासून त्यांच्या भुईमुगाला रानडुकरं शिवलेली नाहीत.

मी विचारलं, "तुम्हाला स्वतःला बघून कसंतरी नाही होत?"

"मला कशाला? त्यानं मला भ्यायला पायजे. मी बरा झालो, त्यो रानात हुबा हाय!"

*

नंतरच्या तपासणीला आम्ही सगळे मुद्दाम एकाच दिवशी आलो. डॉक्टरांनी मालतीच्या घशात दुर्बीण घालून बघितलं आणि म्हणाले, "गाठ गेली." मी त्यांना आणखी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा गेलेलीच होती.

"आणि आवाज?"

"वाट बघा," ते म्हणाले. "काहींचा येतो." हे ते मालतीकडे न बघता म्हणाले, असं मला वाटलं. परतीच्या गाडीत मी तिला नाना गोष्टी सांगत होतो. ती खिडकीबाहेर बघत होती. तिने एकही टाळी वाजवली नाही.

संध्याकाळी माडीवर मेंढीकोटचा डाव पडला. मालती आणि हिराबाई एका बाजूला, सरपंच आणि मी दुसऱ्या. शेवटचा हात. मघाशी 'बदाम न्हाई' म्हणून हुकूम मारणाऱ्या सरपंचांनी अगदी निरागस चेहऱ्याने बदामाची दश्शी टाकली. मी बघितलं होतं. पण मी त्यांचाच भिडू, आणि भांडण मला सोसत नाही. मी पायाच्या अंगठ्याकडे बघत बसलो.

"चोर!"

आवाज फाटका होता, गंजलेली कडी काढावी तसा. हिराबाईंच्या हातातून पानं गळाली. आम्ही सगळे एकमेकांकडे बघायला लागलो.

"बाई," सरपंच हळूच म्हणाले, "परत म्हना."

"चोर! लबाड!" मालती म्हणाली. "बदाम होता तुमच्याकडे!"

याच शब्दावरून एकदा ग्रामसभेत सरपंचांनी खुर्च्या उलथ्या केल्या होत्या म्हणतात. ते ताडकन उठले. पानं उधळली. धावत गॅलरीत गेले आणि रस्त्यावरच्या माणसांसकट सगळ्यांना ऐकू जाईल असे ओरडले, "आप्पा! ओ आप्पा! माई! मी चोर हाय!"

मग तिथूनच घरी फोन लावला. स्पीकरवर.

"आगं, ऐकलं का? मी चोर हाय! लबाड बी हाय!"

"ते समद्या गावाला ठावं हाय," पलीकडून त्यांच्या मंडळी म्हणाल्या. "आज नवीन काय?"

"आगं, मास्तरीणबाई म्हनल्या! तोंडानं!"

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"फोन त्यांच्याकडं द्या," त्या म्हणाल्या. "मला बी एकदा ऐकू द्या."