दोनदा मेलेला माझा भाऊ

राघू भर दुपारी परतूरला आमच्या दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "ताई, अण्णा गेले." माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो "खरंच?" असा. सख्खा भाऊ गेल्याचं ऐकून कुठली बहीण असं विचारते? पण माझ्या भावाला गावानं एकदा जिवंतपणीच जाळलेलं होतं, म्हणून विचारणं भाग होतं. राघूनं मान खाली घातली. "ह्या बारीला खरंच, ताई. माझ्याच मांडीवर गेले." ...त्याला आता महिना होत आला. रडून झालं. राहिलाय तो संताप, आणि तो गिळायचा नाही असं मी ठरवलंय.

जाफराबादेच्या पुढं, वऱ्हाडच्या हद्दीला लागून, पण संस्थानात आमचं गाव. आईबाप लवकर गेले, तेव्हा माझी वेणीसुद्धा अण्णाच घालायचा, आणि ती इतकी घट्ट की दिवसभर माझ्या भुवया वर चढलेल्या असत. मोठा चेष्टेखोर माणूस. शिंदीच्या दारूवर संस्थानी सरकारचा कर, म्हणून शिंदीची झाडंच तोडायची, ही चळवळ गावात आली तेव्हा पहिली कुऱ्हाड त्यानं चालवली. "सरकारची नशा उतरवून राह्यलो," असं हसत सांगायचा. धरपकड सुरू झाली तसा तो हद्द ओलांडून वऱ्हाडातल्या, चळवळीच्या कँपात गेला. बरोबर गावकुसाबाहेरचा राघू, त्याचा लहानपणापासूनचा जोडीदार.

इकडं गावाची पाचावर धारण बसली. शिपाई रोज येऊन अण्णाचा पत्ता विचारायचे, घरं जाळायच्या धमक्या द्यायचे. तेव्हा पाटीलकाकांनी, म्हणजे आमच्याच चुलत्यांनी, तोडगा काढला. अण्णा सरहद्दीवर मेला अशी आवई उठवली. प्रेत हाती लागलं नाही की पळसाच्या पानांचा पुतळा करून जाळतात. तसा पुतळा केला आणि शिपायांच्या डोळ्यांदेखत जाळला. वैनीला काकूंनी ओढून अंगणात आणलं, बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं. "नाटक हाय गं पोरी, चार दिवसांचं," असं काका तिच्या कानात पुटपुटले म्हणे. नाटकाला बांगड्या मात्र खऱ्या फोडल्या! तरी इथवर मी कुणाला बोल लावत नाही. भीती कुणाला नव्हती?

पण मग हद्दीपलीकडून फौजा आल्या, संस्थान मोकळं झालं, आणि अण्णा राघूच्या खांद्यावर हात टाकून लंगडत वेशीपाशी आला. मांडीतली जखम वाहतच होती. काका चार जाणत्यांना घेऊन आडवे आले. "तुझं दहावं-तेरावं झालंय, बाबा. पुन्हा जन्माचे विधी करावे लागतील, लग्न पुन्हा लावावं लागंल, मंग घरात."

अण्णा हसला. "करू की. बारशाच्या घुगऱ्या तेवढ्या मला पोटभर द्या."

"आनि कँपात राघूच्या हातचं जेवलास, त्याचं प्रायश्चित्त घे."

तेव्हा त्याचं हसू मावळलं. राघू सांगतो, असा चिडलेला अण्णा त्यानं कँपातही पाहिला नव्हता. "काका, नाक्यावर मांडीत गोळी घुसली, तवा ह्यानं मला पाठीवर घालून नाला पार केला. ह्याच्या हातच्या पाण्यानं मी जगलो. ते पाप म्हनून धुवू? बिलकुल न्हाई."

"मंग तू मेलेलाच," काका म्हणाले.

मेलेलाच! ज्याच्या जिवावर तुम्ही मोकळा श्वास घेता, त्याला हे ऐकवताना जीभ कशी झडली नाही? अण्णा शेतातल्या गोठ्यात राहिला. वैनीनं त्याच दिवशी कपाळाला कुंकू लावलं, हातात बांगड्या भरल्या आणि राजरोस नवऱ्याकडं राहायला गेली. विहिरीवर बायका तिला पाहून पदर आवरून घ्यायच्या. चावडीवर झेंडा लागला, आणि कालपर्यंत शिपायांना चहा पाजणारे पांढऱ्या टोप्या घालून त्याच्याखाली उभे राहिले. जखम चिघळली तेव्हा जालन्याच्या दवाखान्यात न्यायला राघूनं गावभर बैलगाडी मागितली. एकाही दारातून गाडी निघाली नाही. मी तेव्हा बाळंतीण. मला कळवायचं नाही असं अण्णानं बजावलेलं होतं.

मी तान्ह्याला घेऊन पोचले तर गोठ्यापुढं ही गर्दी! ज्यांनी गाडी दिली नाही त्यांनी हार आणले होते. काका गहिवरून बोलत होते... हुतात्मा, गावाचं भूषण, चावडीत नावाचा दगड बसवू. वैनीनं एवढंच विचारलं, "दहाव्याचं कसं करायचं?" काकांनी घसा साफ केला. "क्रिया झाल्यात, पोरी. मान्साच्या दोनदा होत न्हाईत." अग्नी राघूनं दिला. टोपीवाले लांब उभे राहून पाहत होते.

चिता विझायच्या आत काकू दोन बायकांना घेऊन वैनीजवळ आल्या आणि कुंकवाला हात घालू लागल्या. वैनीनं त्यांचं मनगट धरलं. "थांबा काकू. दोनदा होत न्हाई म्हनले ना काका? मंग माझं कुंकू बी एकदा पुसून झालंय." काकूंनी हात सोडवून घेतला आणि बायकांना घेऊन निघून गेल्या.

दगड बसवायच्या समारंभाला हुतात्म्याची भगिनी म्हणून मला बोलावणं आलंय. मी जाणार नाही. दगडाला हार घातला की उपकार फिटले, असं त्यांना वाटतं तर वाटू दे. परवा मात्र वैनीकडं जाऊन आले. ती अजून गोठ्यातच राहते. भिंतीला अण्णाचा दाढीचा आरसा आहे, त्याच्या उंचीवर ठोकलेला. वैनी ठेंगणी. सकाळी कुंकू लावायला ती टाचा उंचावून त्यात बघत होती. मी म्हटलं, "खाली घे की गं."

"ऱ्हाऊ द्या, वन्सं," ती म्हणाली. "त्यांच्या तोंडाबराबर हाय."