अकराव्या आणि बाराव्या नावामधली जागा

भुताखेतांचे किस्से सांगणाऱ्यांना मी आजवर तोंडावर हसत आलेय. त्यामुळे आता तुम्ही मला हसलात तरी चालेल... पण "कोडमध्ये चूक असेल" एवढं मात्र म्हणू नका. ते ऐकून ऐकून माझं डोकं फिरलंय.

मी महाडला राहते, चवदार तळ्यापासून पाच मिनिटांवर. घरूनच एका कंपनीसाठी पीडीएफ बनवणाऱ्या लायब्ररीवर काम करते. लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे — इतर प्रोग्रामर आपल्या प्रोग्राममध्ये आयता वापरतात तो कोड. कुठलं अक्षर पानावर नेमकं कुठे बसणार, हे त्यात आकड्यांत सांगायचं असतं. एकदा बसलं की ते हलत नाही. नऊ वर्षं मी हेच करतेय.

गेल्या मे महिन्यात दत्तूमामाने, म्हणजे आईच्या भावाने, एक काम दिलं. आईचं माहेर पोलादपूरजवळच्या कापडे गावाच्या वर, डोंगरातल्या वाडीत. तीसेक वर्षांपूर्वी वाडीने श्रमदान करून रस्ता काढला होता, प्रत्येक घरातून एक माणूस. मामा वाडीच्या मुंबई मंडळाचा सेक्रेटरी. त्याला रस्त्याची पुस्तिका काढायची होती आणि त्यात राबलेल्यांची नावं, घरांच्या क्रमाने. एकतीस नावं. दहा मिनिटांचं काम.

पीडीएफ उघडली, तर अकराव्या आणि बाराव्या नावामध्ये एक ओळ रिकामी.

मामाच्या यादीत रिकामी ओळ नव्हती. कोडचे आकडे तपासले, तर प्रत्येक ओळीत सारखंच अंतर. पानावर मात्र फट. नावं पुन्हा टाइप केली. दुसरा लॅपटॉप घेतला. दुसऱ्याच कुणी लिहिलेली लायब्ररी वापरली, पानाचं चित्रात रूपांतर केलं... फट तिथेच. सहकाऱ्याला फाइल पाठवली, तर त्याने मला झोप काढायचा सल्ला दिला. आणि मामा फोनवर म्हणतो, "एवढी शिकलीस नि येक यादी नीट येत नाय?"

संताप आला मला. यादी घरांच्या क्रमाने होती, तेव्हा एखादं घरच राहिलंय का ते विचारावं म्हणून प्रिंट घेतली आणि पोलादपूरमार्गे थेट वाडी गाठली.

भरदुपारी गंगामावशी अंगणात नाचणी पाखडत होती. सत्तरीच्या पुढची, आईच्या नात्यातली. तिला वाचता येत नाही, म्हणून मीच नावं वाचत गेले. फटीचं काही बोलले नव्हते. अकरावं नाव झालं, बारावं घेतलं, तशी तिने माझं मनगट धरलं.

"मधी सुंदराचं घर हाय गो."

सुंदराचा नवरा मुंबईला गेला तो परतलाच नाही. घरटी एक माणूस हवा, म्हणून तीच पहार घेऊन उभी राहिली. काम संपत आलं असताना तिच्या पायावर धोंडा आला. रस्ता अजून पुरा नव्हता. चादरीच्या झोळीतून तिला खाली उतरवलं, पण महाडला पोचेपर्यंत ती गेली.

मी तिथूनच मामाला फोन लावला. त्याला सगळं ठाऊक होतं! बायांची नावं लिहायची नाहीत, असं तेव्हाच ठरलं होतं म्हणे.

"मग आता नव्याने ठरव," मी म्हटलं. "नाहीतर पुस्तिका दुसऱ्या कुणाकडून करून घे."

तो आधी कुरकुरला. मग म्हणाला, "लिव."

घरी येऊन सुंदराचं नाव बारावं टाकलं. एक नाव वाढल्यावर फट खाली सरकायला हवी होती. सरकली नाही, राहिलीही नाही. सगळ्या ओळी सारख्या. दोन्ही फाइली आजही माझ्याकडे आहेत. कितीतरी जणांना दाखवल्या — कारण कुणालाही सांगता आलेलं नाही, मलाही नाही.

गंगामावशीने त्या दुपारी आणखी नावं सांगितली होती, घरटी एका माणसाच्या हिशोबात न धरलेल्या, पाट्या भरभरून माती वाहणाऱ्या बायकांची. विचारल्यावर शेवटी स्वतःचंही. त्यांच्यासाठी कागदावर कुठेच जागा सुटली नव्हती.

मी पुस्तिकेत एक पान वाढवलं.