‘ऑल्दो’चं वाक्य

सुरंगीच्या गजऱ्याचा वास आला की मला रत्नागिरीच्या घराची ओटी आठवते. मी इंग्रजी सहावीत होते, मॅट्रिकला एकच वर्ष उरलं होतं, आणि त्या दुपारी मला बघायला पाहुणे आले होते. मागे माजघराचं दार बायकांनी भरलेलं, पुढे पाहुणे. नऊवारीत घामाघूम झालेल्या मला उठून जायला वाट नव्हती. मुलाचे काका मुंबईला हापिसात कारकून होते. माझ्यापुढे पाटी सरकवून ते म्हणाले, “मुली, ‘ऑल्दो’ घालून एक मिश्र वाक्य लिही बघू. स्वल्पविराम विसरू नकोस.” त्यांच्या नि माझ्याखेरीज तिथे कुणालाच इंग्रजी येत नव्हतं. मी इंग्रजीत लिहिलं, जरी मला शिकायचं आहे, तरी माझं लग्न लावून देत आहेत. ‘ऑल्दो’चा, म्हणजे ‘जरी’चा भाग संपला तिथे स्वल्पविराम दिला. काकांनी वाचलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा वाचलं. मग उपरण्याने पाटी पुसून ते वडिलांना म्हणाले, “स्वल्पविराम अगदी जागेवर आहे हो. मुलगी पसंत आहे.” आईने साखर वाटली. वैशाखात लग्न झालं आणि शाळा सुटली. काकांना अर्थ कळलाच नसावा, अशी समजूत मी बरीच वर्षं करून घेतली. आता वाटतं, कळला नसता तर त्यांनी पाटी पुसली नसती.